कुंडीतला वाटाणा

नव्यानं व्हिडिओ करू पाहणाऱ्यांसाठी एक रील दर दोन-चार महिन्यांनी पुन्हा फिरत येतं. मागे जोरदार संगीत, समोर दादासाहेब फाळके यांचा काळा-पांढरा फोटो, आणि खाली एकेक ओळ उमटत जाते. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली. बायकोचे दागिने विकले. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. मग शेवटची ओळ : तुम्ही कशाची वाट बघताय?

माझ्या मावसभावानं हे रील मला पाठवलं तेव्हा त्याच्याकडे एका कॅमेऱ्याच्या हप्त्यांचा हिशोब तयार होता. कॅमेरा ८० हजारांचा, हप्ते बारा. चॅनेलचं नाव ठरलेलं, लोगो झालेला, व्हिडिओ एकही नाही. "दादासाहेबांनी पण कर्ज काढलंच होतं की," तो म्हणाला. त्याला काहीतरी नीट उत्तर द्यावं म्हणून मी तो सगळा काळ पुन्हा वाचायला घेतला.

रीलमधली माहिती खोटी नाही. पॉलिसी गहाण पडली होती, दागिनेही गेले होते. पण या दोन गोष्टींच्या मध्ये आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती रीलमध्ये येत नाही. ती आहे एका कुंडीतल्या वाटाण्याची. आज फोन हातात घेऊन पहिला व्हिडिओ करायला निघालेल्या कुणालाही फाळक्यांच्या चरित्रातला हाच भाग सगळ्यात जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं. म्हणून तो सविस्तर सांगतो.

त्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण फाळके हे कॅमेरा हातात घेणारे पहिले मराठी माणूस नव्हते.

एकवीस गिनींचा कॅमेरा

७ जुलै १८९६ रोजी मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या कंपनीनं हलत्या चित्रांचा खेळ लावला. तिकीट एक रुपया. त्या काळात मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर नावाचे एक छायाचित्रकार होते. लोक त्यांना सावेदादा म्हणत. स्वतःचा स्टुडिओ चालवणाऱ्या या माणसाला हलत्या चित्रांची ओढ लागली आणि त्यांनी इंग्लंडमधल्या रायली कंपनीचा कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, आणि तेव्हा पौंडाला १५ रुपये पडत. म्हणजे सव्वातीनशे रुपयांच्या वर रक्कम झाली.

एवढे पैसे घालून त्यांनी पहिल्यांदा काय टिपलं? एक कुस्ती. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची लढत झाली, ती त्यांनी चित्रित केली. फिल्म धुण्याची सोय इथं नव्हती, त्यामुळे ती बोटीनं लंडनला गेली आणि तयार होऊन परत आली. आपण काय टिपलंय हे बघायला सावेदादांना कित्येक आठवडे थांबावं लागलं. दुसरी फिल्म माकडांना खेळ शिकवणाऱ्या माणसाची होती.

ना पौराणिक कथा, ना राजवाडे. कुस्ती आणि माकडवाला. मुंबईत राहणाऱ्या माणसाला रस्त्यावर, बागेत सहज दिसणाऱ्या गोष्टी. पुढे डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांचं मुंबईत झालेलं स्वागतही त्यांनी टिपलं. आजच्या भाषेत सांगायचं तर गावात काहीतरी घडतंय म्हटल्यावर फोन घेऊन पळणाऱ्या मुलांचे सावेदादा हे आद्य पूर्वज.

पण त्यांचा हा उद्योग फार पुढे गेला नाही. कॅमेऱ्यापासून दूर होऊन ते थिएटर चालवण्याकडे वळले. कच्ची फिल्म बाहेरची आणि ती धुणारेही बाहेरचे होते. जे काम शिकायला लगेच निकाल दिसावा लागतो, त्यात निकाल समुद्रापार असला की शिकणं फार सावकाश होतं.

चाळिशीतला नवशिका

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. चित्रपटाचा नाद त्यांना लागला तो १९१०-११ च्या सुमारास, गिरगावात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघितल्यावर. म्हणजे वय चाळिशीचं, पदरी बायको-मुलं, आणि छपाईच्या धंद्यात भागीदारांशी बिनसलेलं.

रील इथूनच सुरू होतं : एक माणूस, एक स्वप्न. पण या माणसाच्या हातात तोवर काय काय जमा झालं होतं ते बघा. जे. जे. कला महाविद्यालयातलं शिक्षण. बडोद्याच्या कलाभवनातली वर्षं. गोध्र्यात फोटोग्राफीचा व्यवसाय. पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनचं काम. राजा रविवर्मांच्या चित्रांच्या छपाईशी आलेला संबंध. लोणावळ्यात स्वतःचा छापखाना. १९०९ मध्ये जर्मनीत जाऊन शिकलेली रंगीत छपाई. आणि या सगळ्याच्या जोडीला जादूचे प्रयोग. जादूगार म्हणून त्यांनी नाव घेतलं होतं प्रोफेसर केळफा. 'फाळके' उलटं वाचा, कळेल.

म्हणजे चित्रपटात ते नवशिके होते, पण चित्र, उजेड, रसायनं आणि प्रेक्षकाला चकवणं या चारही गोष्टींत मुरलेले होते. नोकरी सोडून उद्यापासून व्हिडिओ करणाऱ्या माणसाशी त्यांची तुलना करताना ही पंचवीस वर्षं वगळून चालत नाही. याचा अर्थ पंचवीस वर्षं थांबा असा नाही. आपल्याला आधीपासून काय येतं हे आधी मोजा, एवढाच आहे. स्वयंपाक येत असेल, शेतातली मोटार दुरुस्त करता येत असेल, आजीकडून ऐकलेल्या ओव्या येत असतील, तर तुमचीही काही वर्षं आधीच जमा आहेत.

त्या काळात फाळके दिसेल तो चित्रपट बघत होते. रोज कित्येक तास अंधारात पडद्याकडे बघणं आणि घरी येऊन रात्री जागून फिल्मच्या तुकड्यांचा अभ्यास करणं, याचा डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ त्यांना दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारानं दृष्टी परत आली.

मग पॉलिसी. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी सुमारे दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची बोट धरली. तिथं 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाचं कार्यालय त्यांनी गाठलं. मुंबईत ते त्याचे वर्गणीदार होते. संपादकांनी आधी त्यांना या भानगडीत न पडण्याचा सल्ला दिला, पण त्यांची तळमळ बघून वॉल्टन इथल्या सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ हे ब्रिटनमधले अगदी सुरुवातीचे चित्रपटकर्ते, आणि १८९७ मध्येच त्यांनी हलत्या चित्रांचं तंत्र समजावणारं पुस्तक लिहिलेलं. आज ज्याला आपण ट्युटोरियल म्हणतो, तसलं. त्यांनी फाळक्यांना आपला स्टुडिओ आतून दाखवला.

फाळक्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, ५० पौंडांना. पंधराच्या दरानं साडेसातशे रुपये. इथं मला थांबावंसं वाटलं. उभे केलेले पैसे दहा हजारांच्या घरात, आणि त्यातला कॅमेरा साडेसातशेचा. बाकीचं गेलं प्रवासात, बाहेर राहण्यात, कच्च्या फिल्ममध्ये, भोकं पाडायच्या यंत्रात, आणि मुख्य म्हणजे शिकण्यात. पॉलिसी कॅमेऱ्यासाठी गहाण पडली असं म्हणणं हिशोबाला धरून नाही.

अंकुराची वाढ

१ एप्रिल १९१२ ला फाळके परतले. दादरला मथुरा भवनात त्यांनी बिऱ्हाड हलवलं. आवारात एक लहानसं काचघर उभारलं, घरात अंधारखोली केली. मे महिन्यात सामान आलं आणि सोबतच्या आराखड्यावरून त्यांनी चार दिवसांत सगळं जोडलं.

आता राजा हरिश्चंद्र सुरू करायचा ना? नाही. आधी त्यांनी काय केलं तर आजूबाजूची मुलं-मुली गोळा केली आणि त्यांना टिपलं. कॅमेरा चालतो का, फिल्म नीट धुतली जाते का, पडद्यावर दिसतं का, एवढंच बघायला. त्या मुलांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, पण दादरमधल्या त्या पोरांनी इकडेतिकडे बागडत एका मोठ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. सावेदादांना लंडनहून जे उत्तर यायला आठवडे लागत, ते फाळक्यांना आता घरच्या अंधारखोलीत मिळत होतं.

यंत्र चालतं हे कळलं. आता पैसे लागणार होते. हिंदुस्थानात बसून चित्रपट करता येतो यावर कुणाचाही विश्वास नव्हता, मित्रांचाही नाही. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा त्या कुंडीसमोर लावला. महिनाभराहून अधिक काळ त्यांनी ती वाढ थोड्याथोड्या फ्रेमनं टिपली. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवत, सेकंदाला साधारण सोळा फ्रेम. इथं मात्र तो दांडा सलग फिरवायचा नव्हता. जरा फिरवा, थांबा, रोप वाढू द्या, पुन्हा जरा फिरवा. आणि इतके दिवस ना कुंडी हलू द्यायची, ना कॅमेरा. घरात लहान मुलं असताना.

शेवटी जी फिल्म तयार झाली तिची लांबी जेमतेम मिनिटाची असल्याचं सांगतात. मातीतून अंकूर वर येतो, पानं फुटतात, वेल चढू लागतो. नाव ठेवलं 'अंकुराची वाढ'. निवडक लोकांना बोलावून फाळक्यांनी ती दाखवली. बघणाऱ्यांत यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे होते. त्यांच्यासारख्यांनी त्यानंतर कर्ज द्यायची तयारी दाखवली.

या निवडीतलं शहाणपण मला जितका विचार करावा तितकं जास्त वाटतं. वाटाण्याला मानधन लागत नाही. त्याला वेशभूषा लागत नाही, तो उशिरा येत नाही, संवाद विसरत नाही. खर्च मूठभर वाटाण्यांचा आणि फिल्मच्या तुकड्याचा. आणि तरीही पडद्यावर जे दिसतं ते नुसत्या डोळ्यांना कधीच दिसू शकत नाही. नाटक बघून, फोटो बघून, जादूचा प्रयोग बघून जे मिळणार नाही ते या एका मिनिटात मिळतं. चित्रपट ही काय चीज आहे, हे समजावून सांगायला फाळक्यांना एकही शब्द बोलावा लागला नसेल.

त्यांच्या कामाचा क्रम असा लागतो : आधी हातात कसब, मग शिकण्यासाठी बेताचं कर्ज, मग मुलांवर चाचणी, मग एक मिनिटाचा वाटाणा, मग दोनचार माणसांना दाखवणं, आणि त्यानंतर मोठं कर्ज. रील यातल्या पहिल्या आणि शेवटच्या कर्जाला जोडून टाकतं आणि मधलं सगळं कापतं. कापलं की जी गोष्ट उरते ती जुगाऱ्याची असते. फाळक्यांच्या स्वभावात जुगारी होताच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण राजा हरिश्चंद्र झाला तो त्यांच्यातल्या धीरानं तपासून बघणाऱ्या माणसामुळे.

दागिन्यांच्या पलीकडे

'बायकोचे दागिने विकले' हे वाक्यही जरा उलगडून बघायला हवं. त्या बायकोचं नाव सरस्वतीबाई. रीलमध्ये त्यांचं काम दागिने काढून देण्यापुरतंच येतं.

त्या काळची कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली येई. भोकं नसतील तर फिल्म कॅमेऱ्याच्या दात्यांत बसणारच नाही. ते काम अंधारात, हातानं, एका मापात करायचं. सरस्वतीबाई रात्री ते करत. फिल्म धुवायची रसायनं मिसळणं, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतवणं, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हेही त्यांच्याचकडे. थोरला मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, विचारपूस करून झाली. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. चित्रपटात काम करतो म्हणायची लाज वाटणाऱ्या नटांनी लोकांना 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत' कामाला आहोत असं सांगायचं, असं ठरलं होतं. परेश मोकाशी यांच्या २००९ च्या चित्रपटाचं नाव तिथून आलं.

सहा महिने आणि सत्तावीस दिवस काम चाललं. ३,७०० फुटांची फिल्म झाली. २१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात ती निमंत्रितांनी बघितली आणि ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सगळ्यांनी.

प्रेक्षक यायला हवेत याचीही फाळक्यांना नीट जाण होती. त्यांची एक जाहिरात प्रसिद्ध आहे : सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दर फक्त तीन आणे. मी गंमत म्हणून गणित केलं. एका फुटात सोळा फ्रेम बसतात. ३,७०० गुणिले १६ म्हणजे ५९,२००. फोटोंचा आकडा जवळपास खरा, उलट थोडा कमीच. पण ३,७०० फूट म्हणजे मैलाचा पाऊण भागही नाही, त्याचे दोन मैल कसे झाले ते दादासाहेबच जाणोत. थंबनेलवर जरा वाढवून लिहिण्याची परंपरा आपल्याकडे भारतीय चित्रपटाइतकीच जुनी आहे.

१९१७ मध्ये त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा छोटा माहितीपट केला. त्यात ते स्वतः नटांना सूचना देताना आणि फिल्मची पट्टी तपासताना दिसतात. पडद्यामागची गंमत दाखवणारे व्हिडिओ आज प्रत्येक चॅनेलवर असतात. त्याची कल्पना त्यांना चौथ्या वर्षीच सुचली होती.

त्याच जिल्ह्यातलं दुसरं टोक

फाळके नाशिक जिल्ह्यातले. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मालेगाव आहे, यंत्रमागांचं गाव. तिथं १९९० च्या दशकात नासिर शेख नावाचा एक तरुण व्हिडिओ पार्लर चालवायचा. मालेगावात यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी असते आणि सुट्टी म्हणजे सिनेमा. कुठल्या दृश्याला लोक शिट्ट्या मारतात, कुठे उठून बाहेर जातात, हे नासिर रोज बघत होता. लग्नाच्या शूटिंगच्या व्हीएचएस कॅमेऱ्यानं त्यानं २००० साली 'मालेगाव के शोले' केला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास. नट गावातलेच, माग चालवणारे, दुकानात बसणारे. तो मालेगावात धो धो चालला.

पुढच्या सुपरमॅनच्या चित्रपटाचं काम कसं चाललं ते फैझा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात बघायला मिळतं. त्यात क्रेनचं काम बैलगाडी करते, ट्रॉलीचं काम सायकल. सुपरमॅन झालेले शफीक शेख यंत्रमागावर काम करणारे, अंगानं किडकिडीत. आपल्याकडे काय नाही याची यादी करायला या मंडळींना फुरसतच नव्हती. मुंबईतल्या फिल्मी लोकांपेक्षा एक गोष्ट त्यांच्याकडे जास्त होती : बघणारा माणूस रोज डोळ्यांसमोर असायचा.

आज यूट्यूबवर खानदेशी विनोदी व्हिडिओंचं जे पीक आलंय, त्याची मशागत त्या पार्लरांत झाली आहे. कॅमेरे बदलले, कॅसेट गेल्या. शुक्रवारचा प्रेक्षक कशाला हसतो हे ज्ञान मात्र टिकलं.

एकोणीस सेकंद

मालेगावात चित्रपट दाखवायला पार्लर लागलं. पार्लर नसलेल्यांसाठी दार उघडलं ते पाच वर्षांनी, अमेरिकेत.

२३ एप्रिल २००५ रोजी यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला. यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा आहे. हत्तींची सोंड फार लांब असते, आणि ते भारी आहे, असं काहीसं सांगतो आणि संपलं. एकोणीस सेकंद. चित्रीकरण मित्रानं केलेलं. प्रकाशाचा विचार नाही, संकलन नाही, शेवटी 'लाइक करा' नाही.

लोक या व्हिडिओला हसतात. मला तो दादरच्या मुलांच्या चाचणीचा सख्खा भाऊ वाटतो. यंत्र चालतं का, व्हिडिओ चढतो का, दुसऱ्याच्या संगणकावर दिसतो का? तिन्हींचं उत्तर हो आलं आणि काम झालं. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २००६ मध्ये, गुगलनं ती कंपनी १६५ कोटी डॉलरना विकत घ्यायचं जाहीर केलं.

आपल्याकडे दार खऱ्या अर्थानं उघडलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर. त्याआधी एका जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या घरात मोजावे लागत. तेवढ्या पैशात कुणी पाककृतीचा बारा मिनिटांचा व्हिडिओ बघत नाही. डेटा स्वस्त झाला तसे बघणारे वाढले आणि करणारेही. कॅमेरा खिशात, धुलाई क्षणात, प्रक्षेपण फुकट. सावेदादांच्या आणि फाळक्यांच्या वाटेतला प्रत्येक धोंडा दूर झाला.

त्या जागी एक नवा धोंडा आला, आकड्यांचा. जानेवारी २०१८ मध्ये यूट्यूबनं नियम केला : जाहिरातींचे पैसे हवे असतील तर एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं बघणं. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. तीन मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण बघणारे ऐंशी हजार जण लागतील. पुढे सवलती आल्या, छोट्या व्हिडिओंसाठी वेगळे निकष आले, पण आकडा डोळ्यांसमोर लटकत राहिला तो राहिलाच. बारा हप्त्यांत कॅमेऱ्याचं कर्ज फिटेल असं मानणाऱ्यानं हे गणित आधी करावं, म्हणून मी ते मावसभावाला कागदावर करून दाखवलं.

पैशांपेक्षाही त्या आकड्यानं एक वेगळीच गोष्ट बदलली. सावेदादांची कुस्ती, फाळक्यांचा वाटाणा, नासिरचा शोले, तिन्हींच्या पहिल्या प्रेक्षकांना चेहरे होते. नाडकर्णी कुठल्या क्षणी पुढे सरकून बसले, कुणाची जांभई कुठे आली, हे फाळक्यांना खोलीत उभं राहून बघता आलं असेल. आजचा नवशिका आपला पहिला प्रयत्न थेट अनोळखी जगापुढे टाकतो आणि परत काय येतं, तर 'व्ह्यूज १४'. चौदा या आकड्यावरून काय दुरुस्त करायचं ते कळत नाही. आवाज कमी होता? सुरुवात लांबली? की कुणापर्यंत पोचलाच नाही? चौदा आकडा यातलं काहीच सांगत नाही, फक्त दुखावतो. पाचसहा व्हिडिओंनंतर चॅनेल ओस पडतात त्यामागे हे दुखणं बऱ्याचदा असतं.

म्हणून वाटाण्याची रीत मला आजही चालणारी वाटते. एक मिनिट. समोर आहे ते, आणि बदलत जाणारं : पीठ फुगताना, मूर्तीला रंग चढताना, पंक्चर निघताना, पाऊस येताना. हातात आहे तो फोन. आणि चढवण्याआधी दोन माणसांना शेजारी बसवून दाखवायचं, त्यांच्या तोंडाकडे बघत. पडद्याकडे बघायची गरज नाही, त्यात काय आहे ते आपल्याला माहीत असतं. जिथे त्यांची नजर खिडकीकडे जाते तिथे कापायचं.

आणखी एक काम करायचं, ते म्हणजे मूळ फाइल जपून ठेवायची. २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी आणली. तिथं गावोगावच्या पोरापोरींनी केलेल्या कामाची मूळ प्रत ज्यांच्या फोनमध्ये नव्हती, त्यांच्या हाती काही उरलं नाही. हा धडाही जुनाच आहे. आपल्या मूकपटांपैकी बहुतेक सगळे नष्ट झाले. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी दोनच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयापर्यंत पोचली, आणि तीही १९१७ च्या नव्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक मानतात. हँगिंग गार्डनमधली कुस्ती कोण जिंकलं हे आज पडद्यावर बघता येत नाही.

'अंकुराची वाढ'सुद्धा उरलेली नाही. ती लाखोंनी बघितली नाही, तिच्यावर तिकीट लावलं गेलं नाही. दादरच्या एका घरात मोजक्या माणसांनी एक वाटाणा मिनिटभर वाढताना बघितला, आणि त्यातल्या दोघातिघांनी खिशात हात घातला.